नांदेडचा तांत्रिक बिघाड

संपादकांनी पत्रात लिहिलंय की 'रंगमंचाच्या झगमगाटात घालवलेल्या आयुष्याच्या हृद्य आठवणी' पाठवा. पहिली दुरुस्ती इथंच करून घेतो. झगमगाट ज्याच्यावर पडतो तो माणूस वेगळा. झगमगाट पाडणारा विंगेत स्टुलावर बसून डास मारत असतो. तीस वर्षं मी लातुरात लाइट आणि साउंडचं काम केलं. कॉलेजांची गॅदरिंगं, एकांकिका स्पर्धा आणि मधूनमधून पुढाऱ्यांच्या सभा. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून धंदा पुतण्याच्या हवाली केला, तर लगेच हे पत्र आलं. माणूस कामाचा राहिला नाही की त्याला लेखक करत असावेत.

धंदा बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत समजतो. स्टेजच्या वर पाइपाला दिवे टांगलेले असतात. त्यांच्या वायरी खाली एका पेटीत येतात, तिला डिमर म्हणतात. पेटीवरची खिट्टी वर सरकवली की उजेड, खाली ओढली की अंधार. शेजारी आवाजाची पेटी. नाटकाच्या वहीत समासात आकडे घातलेले असतात, त्यांना क्यू म्हणायचं. नटानं अमुक वाक्य टाकलं की क्यू सात, म्हणजे निळा उजेड आणि बासरी. यात काही अक्कल लागत नाही असं प्रत्येक दिग्दर्शकाचं मत असतं, आणि क्यू चुकला की सगळ्या नाटकाची अक्कल आमच्याकडंच होती असंही त्याचंच मत असतं. मला एकानं 'पश्चात्तापाचा उजेड' मागितला होता. मी निळा दिला. दुसऱ्याला 'उद्ध्वस्त मनाचा' पाहिजे होता. त्यालाही तोच निळा दिला, जरा खाली ओढून. दोघांनी मिठी मारली.

तर तीस वर्षांत माझा क्यू कधी चुकला नाही. एकदा सोडून. तेवढंच सांगतो, बाकी हृद्य आठवणी ज्यांच्या असतील त्यांच्याकडून घ्या.

आमच्याकडं स्पर्धेच्या एकांकिकांचे विषय सोयाबीनसारखे असतात. एकाला भाव आला की पुढच्या साली सगळे तेच पेरतात. एक साल सगळ्या नाटकांत मोबाइलचं व्यसन होतं, एक साल सगळ्या नाटकांत वृद्धाश्रम. वृद्धाश्रमाच्या साली तर पांढऱ्या केसांचे टोप कमी पडले आणि दोन कॉलेजांत भांडणं झाली. असंच एका साली लातुरातल्या एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या सरांनी ऑटिझम शोधून काढला. शोधून काढला असंच ते सांगायचे, जणू त्यांच्या आधी कुणाच्या घरी तो नव्हताच. "उत्तममामा, विषय कोरा आहे. अजून कुणी हात घातला नाही. परीक्षक रडले पाहिजेत," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. परीक्षकाला रडवायचं म्हणजे कुठला उजेड, ते मला पाठ होतं.

नाटक लिहिलं होतं प्रतीक्षा नावाच्या पोरीनं. रेणापूरची, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलला राहायची. तिचा थोरला भाऊ नागेश सव्वीस वर्षांचा, आणि त्याला ऑटिझम. मला तोवर हा शब्द म्हणजे गोळीचं नाव वाटायचा. तिनंच नीट सांगितलं. हा काही ताप-खोकला नव्हे, माणसाची घडणच तशी असते. नागेश फार बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, ठरलेलं बदललं की घाबरतो. आणि मोठा आवाज, लखलखता उजेड आपल्याला नुसता त्रास देतो, त्याला तो मारल्यासारखा लागतो.

पोरीनं लिहिलेलं नाटक मी वाचलं होतं. घरातला एक दिवस, बस. त्यात एक जागा अशी होती की बहीण आणि भाऊ सूप मधे ठेवून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतात. शेंगेत दोन दाणे निघाले की भाऊ एक स्वतः घेतो, एक बहिणीपुढं ठेवतो. तीन निघाले की तिसरा परत टरफलात घालतो, कारण वाटणी होत नाही. तीन मिनिटं कुणी काही बोलत नाही. खरं सांगतो, वाचून मला वाटलं होतं की एवढ्याला लाइटवाला कशाला पाहिजे.

ओंकारलाही तसंच वाटलं. ओंकार म्हणजे दिग्दर्शक. कॉलेजचाच माजी विद्यार्थी, पुण्याला आठ दिवसांचं शिबिर करून आला होता आणि येताना गळ्यात गमछा आणि तोंडात 'अवकाश' हा शब्द घेऊन आला होता. तो म्हणाला, तीन मिनिटं शेंगा फोडल्या तर परीक्षक चहाला जातील. त्यानं शेंगांचं सगळं काढलं, सूप तेवढं सेटला राहिलं. त्या जागी क्यू चौदा आला. नायकाच्या डोक्यात चाललेलं वादळ दाखवायचं म्हणून चाळीस सेकंद सायरन, ढोल, लाल उजेड आणि स्ट्रोब. स्ट्रोब म्हणजे तो सेकंदाला दहादा लपलपणारा दिवा, लग्नातल्या डीजेपुढं असतो तो. जिल्ह्यात तेव्हा एवढा मोठा माझ्याकडंच होता आणि मी तो मिरवत होतो, हेही लिहून ठेवतो.

नायक झाला होता विक्की. त्यानं मोबाइलवर काय बघितलं देव जाणे, पहिल्या तालमीपासून मान वाकडी, बोटं वाकडी आणि तोंडातून लाळ. प्रतीक्षा म्हणाली, दादा असं करत नाही. ओंकार म्हणाला, पण लोकांना कळलं पाहिजे ना. म्हणजे दादाला दादासारखा दाखवला तर लोकांना दादा कळणार नव्हता. शेवटी तर नायक आयुष्यात पहिल्यांदा 'आई' म्हणतो, सोनेरी उजेड, सनई, पडदा. यावरही पोरगी बोलली की दादा आई तर रोजच म्हणतो, चहा पाहिजे असला की. सरांनी तिला समजावलं, की बाळ, कलेत थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. घेतलं त्यांनी, आणि दिलं कुणाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग नाटक सोडून का देत नाहीस, असं मी तिला विचारलं होतं. तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं. सहा वर्षांमागं जळकोटला मावसबहिणीचं लग्न होतं. डीजे सुरू झाला तसा नागेश कान दाबून ओरडायला लागला. पाव्हण्यांनी त्याला उचलून सामानाच्या खोलीत घातलं आणि अक्षता पडेस्तोवर बाहेरून कडी लावली. आईला म्हणाले, असलं लेकरू घेऊन चारचौघात कशाला येता. तेव्हापासून बाई कुठल्या कार्याला गेली नाही. लग्न नाही, बारसं नाही, सख्ख्या भावाच्या घरभरणीलाही नाही.

"मामा, आईनं एकदा दादाला घेऊन चार माणसांत बसावं, एवढंच पाहिजे मला," ती म्हणाली. "नंबर येवो न येवो. दादावरचं नाटक हाय म्हणून ती यायलीय. तुम्ही फक्त आवाज थोडा कमी ठेवा. मंग त्याला जमतंय."

मी हाव हाव म्हणालो, म्हणजे हो हो. आमच्या धंद्यात हाव हाव फुकट असतं.

लातूरच्या फेरीला हॉल खचाखच भरला. सरांना प्रतीक्षाची आई येणार हे कळल्यावर त्यांचा उत्साह आवरेना. बाईला मागच्या दाराशी खुर्ची पाहिजे होती, नागेशला बाहेर न्यावं लागलं तर बरं म्हणून. सरांनी तिला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं, पाहुण्यांच्या शेजारी. वर नाटकाआधी स्टेजवर बोलावून 'त्यागमूर्ती माता' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. बाई बिचारी नारळ हातात धरून खाली मान घालून उभी. पंचवीस मिनिटं भाषणं झाली. पाहुण्यांपैकी एक जण झोपला, एक मोबाइल बघत होता. नागेश जरा पुढं-मागं डोलत होता, पण बसला होता. सगळ्या रांगेत नीट ऐकणारा तोच एक दिसत होता. मी विंगेतून बघितलं तर बाईनं शाल मांडीवर घडी करून ठेवली होती आणि ती पोराकडं बघून चक्क हसली. सहा वर्षांनी बाई चारचौघात बसली होती आणि काही वाईट होत नव्हतं.

आता माझी करामत ऐका. भरलेला हॉल आवाज पितो. रिकाम्या हॉलमध्ये जो आवाज कान फोडतो, तोच माणसं भरली की मऊ होतो, म्हणून आम्ही शोच्या वेळी खिट्टी दोन घरं वर घेतो. तीस वर्षांची सवय, हात आपोआप जातो. प्रतीक्षाला दिलेलं हाव हाव माझ्या डोक्यात होतं असं म्हणालो तर खोटं होईल. क्यू चौदा आला आणि मी सायरन, ढोल, स्ट्रोब सगळं एकदम सोडलं. पहिल्या रांगेच्या तोंडावर.

नागेश ओरडला. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि कुठल्या नटाला जमणारही नाही. कान दाबून तो उठला, सोफ्याला अडखळून पडला, परत उठला आणि मधल्या वाटेनं दाराकडं धावला. मागून त्याची आई. आणि लोकांनी काय केलं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजकाल एकांकिकेत नट प्रेक्षकांतून येतात, ती फॅशन आहे. लोकांना वाटलं हाही त्यातलाच. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाई आपल्या पोरामागं दारापर्यंत धावली, तोवर टाळ्या चालूच होत्या. माझा हात खिट्टीवर होता आणि चाळीस सेकंद व्हायचे होते, म्हणून मी ती खाली ओढली नाही. क्यू म्हणजे क्यू.

पहिला नंबर आला. परीक्षकांपैकी वडीलधारे होते ते माइकवर म्हणाले, की प्रेक्षकांतून उठलेली ती किंकाळी ही दिग्दर्शकाची सर्वांत धाडसी कल्पना होती. ओंकारनं छातीवर हात ठेवून मान झुकवली. तो माणूस खरा होता हे सांगायला कुणी उठलं नाही. मीपण नाही. सामान आवरत होतो ना मी.

किंकाळीच्या वेळी प्रतीक्षा बहिणीच्या कामात स्टेजवर होती, नाटक संपवून तिला खाली येता येता पंधरा मिनिटं गेली. आई रिक्षा करून बसस्टँडला पोचली होती. फोनवर काय बोलणं झालं ते पोरीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आई एवढंच बोलली होती, "झालं समाधान? पहिले नुसते कडी लावायचे, आता टाळ्या वाजवायलेत."

यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. ओंकार शहाणा नव्हता, कलावंत होता. चार दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. अंतिम फेरी नांदेडला होती आणि तिथं ती किंकाळी पाहिजे होती. विक्कीला जमत नव्हती, दुसऱ्या दोन पोरांचे घसे ओरडून ओरडून बसले. मी प्रत्येक प्रयोगाचं रेकॉर्डिंग करतो हे त्याला ठाऊक होतं. स्टेजच्या काठावरच्या माइकांनी पहिल्या रांगेतला नागेश स्वच्छ पकडला होता. "मामा, तेवढे बारा सेकंद काढून द्या. अस्सल आहे ते," म्हणाला.

आणि मी काढून दिले. गिऱ्हाईक मागतं, आपण देतो. वर थोडी खरखर होती ती साफ करून दिली आणि मागच्या टाळ्याही कापून टाकल्या, म्हणजे काम कसं चोख झालं बघा. हे लिहायला मला आज बरं वाटत नाही, पण त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

नांदेडला प्रयोगाच्या दिवशी दुपारी प्रत्येक संघाला अर्धा तास स्टेज मिळतं, दिवे-आवाज तपासून घ्यायला. ओंकारनं सगळे क्यू पळवत पळवत चौदावर आणले. मी लॅपटॉपची कळ दाबली. प्रतीक्षा सेटवर मडकी मांडत होती, बहिणीचं काम तीच करायची. किंकाळी वाजली तशी ती जागीच थांबली. मग सरळ विंगेत माझ्याकडं आली.

"हे दादाचं हाय," ती म्हणाली.

"हाव."

"तुम्ही दिलं?"

मी सांगितलं, मागितलं म्हणून दिलं. मागून ओंकार आला आणि तिला समजावू लागला, की तुझ्या दादाची वेदना आज महाराष्ट्रापुढं जाणार. सर म्हणाले, यातून समाज जागा होईल. पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिनं सरांना एवढंच विचारलं की प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबला टाकणार का. सर म्हणाले, म्हणजे काय, टाकणारच. मग ती माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "मंग आईला दिसंल तो. गावात कुणीतरी दाखवंलच. ती तो आवाज पहिल्या फटक्यात वळखंल, मामा. तिला वाटंल मीच दिला. मंग ती दादाला घराच्या बाहेर काढणार न्हाई, न् मलाबी घरात घेणार न्हाई."

एवढं बोलून ती मडकी मांडायला गेली. क्यू वाजवू नका असं ती म्हणाली नाही. माझ्याकडून काही मागायचं तिनं एकदा करून बघितलं होतं.

संध्याकाळी पडदा वर गेला. क्यू एक, दोन, पाच, नऊ, सगळं बिनचूक. तेरा झाला. विक्कीनं ठरलेलं वाक्य टाकलं, मान वाकडी केली आणि सायरनची वाट बघत उभा राहिला. माझं बोट कळीवर होतं. मी फार थोर विचार केला असं समजू नका. मला फक्त मधल्या वाटेनं पोरामागं धावणारी ती बाई दिसली आणि तिच्या पाठीमागच्या टाळ्या ऐकू आल्या, ज्या मी स्वतः कापल्या होत्या. बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. स्ट्रोबची पिन काढली. स्टेजवर साधा पांढरा उजेड होता, तो तसाच राहू दिला.

काहीच झालं नाही. समोरच्या विंगेत ओंकारनं गमछा गळ्यातून काढून माझ्याकडं बघत हवेत फिरवायला सुरुवात केली. सर दोन्ही हातांनी खुणा करायले होते. विक्की मान वाकडी करून उभाच, त्याला पुढचं काही सांगितलेलंच नव्हतं. प्रेक्षकांत खोकले सुरू झाले. एक जण ओरडला, लाइट गेली काय रे. अरे बाबा, लाइट होती म्हणून तर तुला स्टेज दिसत होतं.

प्रतीक्षानं एकदा विंगेत माझ्याकडं बघितलं. मग कोपऱ्यातलं सूप उचललं, विक्कीला हाताला धरून खाली बसवलं आणि सूप मधे ठेवलं. सजावटीसाठी का होईना, त्यात शेंगा खऱ्या होत्या. तिनं एक फोडली आणि एक दाणा त्याच्यापुढं ठेवला. विक्कीनं थोडा वेळ वाकडी मान धरून ठेवली, पण माणसाची मान किती वेळ वाकडी राहणार. ती सरळ झाली. बोटंही सरळ झाली, शेंग फोडायला सरळ बोटं लागतात. त्यानं पण एक फोडली आणि दाणा तिच्यापुढं सरकवला. दोघं बोलत नव्हती. टरफलांचा कडकड आवाज माइकातून हॉलभर जात होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या नाटकात मला नागेश दिसला.

सगळा हॉल भारावून गेला वगैरे मी लिहिणार नाही. काही लोक बाहेर गेले. मागं कुणीतरी फोनवर सोयाबीनचा विषय काढला होता. बाकीचे बसले होते. पुढचं नाटक विक्कीला आठवेना, शेवटी ओंकारनं वैतागून पडदा ओढायला लावला. नाटक संपलं हेच लोकांना कळलं नाही. ते पडदा परत उघडायची वाट बघत राहिले आणि टाळी पडलीच नाही.

निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, महत्त्वाच्या प्रसंगी तांत्रिक बिघाड झाल्यामुळं अपेक्षित परिणाम साधला गेला नाही. प्रमाणपत्रं मिळाली, सहभागाची. ओंकारला मी सांगितलं की लॅपटॉप हँग झाला. सरांना खरं सांगितलं, तर त्यांनी पुढच्या गॅदरिंगपासून दुसरा लाइटवाला धरला. तोही माझ्याकडंच शिकलेला, त्यामुळं दिव्यापुढं लावायचा निळा कागद तोच चालू राहिला. व्हिडिओ कुणी कुठं टाकला नाही, हरलेल्या नाटकाचा कोण टाकतो.

आठवड्याभरानं मी मोटारसायकल काढली आणि रेणापूरला गेलो. घर विचारत विचारत भर दुपारी पोचलो. नागेश ओट्यावर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण मी काढलेल्या चपला उचलून नीट जोडून ठेवल्या. त्याच्या आईनं मला ओळखलं नाही. कशी ओळखणार, मी कुणाला दिसतच नसतो. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की लातूरला तो आवाज मी वाढवला होता, पोरीनं सांगूनसुद्धा. पुढं तुमच्या लेकाचं ओरडणं मीच कापून दिलं होतं. आता ते कुठंच नाही, सगळीकडून पुसलं. आणि नांदेडला ते वाजलं नाही, तुमची पोरगी आणि एक पोरगा नुसते शेंगा फोडत बसले.

मला वाटलं बाई आता जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर बरोबरच होतं. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्यापुढं ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

"नंबर आला न्हाई म्हणं," ती म्हणाली.

"न्हाई आला."

"टाळ्या पडल्या का?"

"एकबी न्हाई पडली, बाई."

तिनं ओट्यावर बसलेल्या पोराकडं बघितलं.

"मंग आणायला पाहिजे होतं त्याला," ती म्हणाली.